लखमशेठ पाण्याच्या बोलणीतून उठून आले त्याची हकीकत

श्री. जिव्हेवर सरस्वती बैसो अगर न बैसो, खरे तेवढे उतरो. शके सोळाशे एकुणसाठ, पिंगल नाम संवत्सर, चैत्रमासीचे वर्तमान ऐसे जे, थोरल्या बाईसाहेब आपले धाकटे दीर लखमशेठ यांजवर बहुत कावल्या. कावू नये तर काय करावे? दरबारात कोणी तोंड उघडले, की शेठांनी हात वर करावा आणि पुसावे, “शेवटचे काय ते बोला.” एक विधवा आली, तिची भिंत शेजाऱ्याने रेटली होती, ती पदर डोळ्यांस लावून आरंभापासून सांगो लागली, तो शेठ बोलिले, “बाई, शेवटचे काय?” बिचारी भांबावली आणि रडावयाचे विसरोन गेली. बाईसाहेब कडाडल्या, “भावोजी, ती लुगडे घ्यावयास नाही आली!”

शेठ मूळचे राजघराण्यातलेच. पण महाराज असता रुसून परमुलखी गेले, खांद्यावर तागे टाकून विकले, आणि एका दुकानाची चाळीस दुकाने केली. मग महाराज कैलासवासी जाहले, गादी बाईसाहेबांनी चालविली, आणि शेठ पालखीत बसोन परत आले, तो सारे मानकरी हर्षे नाचो लागले. म्हणाले, “ज्याने एकाची चाळीस दुकाने केली, तो एका राज्याची चाळीस राज्ये करील.” बाईसाहेब म्हणाल्या, “माझ्या माहेरच्या आचाऱ्याने हजार पाने उठविली, म्हणोन त्यास कोणी वैद्य नाही केले.” पण ऐकतो कोण? मुखत्यारी शेठांस दिली. आणि खोटे का लिहावे, शेठांनी कोठारात शिरोन खोटी मापे फोडिली, उंदीर आणि कोठीवाला दोघेही एकाच दिवशी हाकलिले, आणि धान्य पुरते दिसो लागले. मग मानकऱ्यांनी मिशांवर ताव दिला आणि बाईसाहेब गप्प राहिल्या. गप्प राहणे म्हणजे त्यांस पथ्याचे जेवण.

मग पाण्याचे काम पडले. नदी एक, राज्ये दोन, आणि बंधारा वरल्या राज्यात. दरसाल चैत्री विहिरी तळास गेल्या, की या राज्याचे कोणी थोर माणसाने वर जावे, तेथील रखमाजी नाईकांच्या ओसरीवर बसावे, त्यांची आंबील प्यावी, त्यांचे गुडघेदुखीचे ऐकावे, आणि त्यांची गुरे चारावयास आपले एक कुरण द्यावे. मग नाईकांनी बंधाऱ्याची मोरी उघडावी आणि पाणी खाली सोडावे, ऐसा परिपाठ. यंदा शेठ गेले. नाईक म्हणाले, “गुरे वाढली, कुरण जरा थोरले द्या.” शेठ म्हणाले, “अर्धे देतो.” नाईक हसले, “अर्ध्यात गुरे काय एकमेकांच्या पाठीवर उभी करू, शेठ?” तो शेठ उठले. बाजारात ऐसे उठले म्हणजे दुकानदार मागोन धावतो, “अहो या, या, तुमचे नको माझे नको, मधले घ्या,” म्हणोन हाती धरितो, हे शेठांस जन्मभर ठाऊक. म्हणोन ते सावकाश चालिले, जोडा घातला, पुनः काढिला, झाडिला, पागोटे सारखे केले, आणि अंगणात काही कारण नसता तुळशीस प्रदक्षिणाही घातली. मागोन नाईक बोलिले, “सांभाळून जा हो, उतारावर खडी सुटली आहे.” आणि घरात गेले.

शेठ शिवेवर वडाखाली बसले, आता बोलावणे येणार म्हणोन. आणि खरेच तिसरे प्रहरी स्वार आला. शेठ सोबतच्यांस म्हणाले, “पाहिलेत?” स्वाराने मुजरा केला आणि रुप्याचा पानडबा पुढे ठेविला. तो शेठांचाच, ओसरीवर विसरोन राहिला होता, आणि नाईकांनी घासोन पुसोन, वर ताजी पाने घालोन धाडिला होता. दुसरा निरोप नव्हता.

तरी शेठ घरी येऊन म्हणाले, “तेच येतील. गरज त्यांसही आहे.” कोणी आले नाही. विहिरींत चिखल राहिला, बायका पहाटे उठोन वाटीने घागरी भरो लागल्या, पानमळे करपले, आणि एके दिवशी विहिरीच्या काठी रेटारेटी होऊन कुंभाराच्या पोरीचा हात मोडला. ते ऐकताच बाईसाहेबांनी मेणा मागविला आणि स्वतः वर गेल्या, आंबील दोन वाट्या प्याल्या, गुडघ्यास निर्गुडीचा पाला सांगितला, एका कुरणाच्या जागी दोन देऊन आल्या, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आले. पानमळे मात्र गेले ते गेलेच.

मग दरबार भरला, आणि शेठांनी काय बोलावे? हसोन म्हणाले, “वहिनीसाहेब, घाई केलीत. आणखी चार दिवस दम धरता, तर अर्ध्यात पटते.” मानकरी जमिनीकडे पाहो लागले. येणेप्रमाणे वर्तमान जाहले. हुशार माणसाने एका बैठकीत सारे राज्य तहानेले ठेविले, यापरते सांगणे नाही. त्यावर बाईसाहेब भरल्या दरबारी दिरास बोलिल्या ते ऐसे:

“भावोजी, कोठाराच्या किल्ल्या तुमच्या, जन्मभर तुमच्या. तेथे तुमच्यासारखा दुसरा नाही, हे मी चावडीवर उभी राहून सांगेन. पण दुकानातून तुम्ही उठलात तर तोटा तुमचा. येथे उठलात तुम्ही, आणि हात मोडला त्या पोरीचा. ती कोठे उठोन जाणार होती? मुखत्यारी ठेवा खाली. आणि हसू नका, मी भाव करीत नाही.”