नऊ फोनांची ना हरकत

आमच्या तालुक्यात नवीन अ‍ॅप कोणत्या फोनसाठी बनवायचं हे तहसील कचेरीत ठरतं, आणि साक्ष द्यायला फोन स्वतः येतात. मी तिथे सव्वीस वर्षं सुनावणी कारकून आहे. सुनावणीच्या दिवशी माझा स्वतःचा फोन मी घरी ठेवतो, कारण त्याला आमच्या घरातलं फार ठाऊक आहे आणि बोलायची संधी मिळाली की तो थांबत नाही.

मे महिन्यात कोंडबंदरच्या सुहासिनी मेथरचं प्रकरण आलं. गावाची कोणती होडी खाडीच्या तोंडातून आत आली, हे घरोघरी कळवणारं अ‍ॅप तिला बनवायचं होतं. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेवढेच दोन महिने तिच्या हातात होते.

"दोन्ही जातींच्या फोनांसाठी का बनवत नाही?" नायब तहसीलदार गुरवबाईंनी विचारलं.

"दोन्हींची घडण वेगळी, बाई. दोनदा लिहावं लागतं. मी एकटी आहे."

गावातून चारशे बारा अँड्रॉइड आले होते. कुणाची काच तडकलेली, कुणाला रबरबँड, बरेचसे प्लास्टिकच्या पिशवीत आणि सगळ्यांना खाऱ्या वाऱ्याचा वास. ते व्हरांड्यातून पार फणसाच्या झाडापर्यंत रांगेत होते. आयफोन नऊ. ते बाकावर बसले. आकडा बघून मी निकालाचा कागद आधीच भरायला घेतला. घाई हा माझा जुना दोष आहे.

पण नियमाप्रमाणे हरणाऱ्या बाजूची ना हरकत लागते. आठ आयफोनांनी दिली. नवव्याने दिली नाही.

"मी शेवंती मेथर यांच्याकडे असतो," तो स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला. "अर्जदाराच्या आई. त्यांचा धाकटा मुलगा दिगू 'सातेरीप्रसाद' होडीवर जातो. गेल्या वर्षी होडी वाऱ्याने दुसऱ्या बंदराला लागली. शेवंतीबाई दोन दिवस धक्क्यावर उभ्या होत्या आणि मी त्यांच्या पदराखाली होतो. मला काहीच सांगता आलं नाही. पुन्हा तसं उभं राहायला मी ना हरकत देऊ शकत नाही."

गुरवबाईंनी चष्मा काढला. "आईला दुसरा फोन द्या."

"दिला होता," सुहासिनी म्हणाली. "ती त्याला हात लावत नाही. हा थोरल्याने मस्कतहून पाठवला. थोरल्याचा आवाज ह्याच्यातनंच येतो, म्हणते. पण बाई, चारशे बारा घरं सोडून मी माझ्या आईसाठी लिहू का? तुम्हीच सांगा."

गुरवबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अर्धवट भरलेला निकालाचा कागद वहीखाली सरकवला.

मग रांगेतला सर्वांत जुना अँड्रॉइड टेबलापाशी आला. त्याची पाठ उघडी पडून आतली बॅटरी दिसत होती.

"बाईनू, आमी हाळी मारतलो," तो म्हणाला. "होडी दिसली की पयल्या घरान हाक मारूची, दुसऱ्यान फुडे न्हेवची. गावाची रीत आसा."

"कोणत्या तंत्रज्ञानाने?"

"तंत्रज्ञान कशाक? हाळी मारूक गळो व्हयो."

गुरवबाईंनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. मनाई कुठेच नव्हती. आदेश झाला: अ‍ॅप अँड्रॉइडसाठी लिहावं, पहिल्याच दिवशी नऊपैकी एका जरी आयफोनपर्यंत हाळी पोचायची राहिली, तर अ‍ॅप कायमचं बंद. तपासणीला कारकुनाने जावं. नवव्याने तेव्हा सही केली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी मी वही घेऊन कोंडबंदरला गेलो. घराघरांच्या खिडकीत फोन उभे होते. दुपारपासून होड्या येऊ लागल्या, हाळ्या फिरल्या आणि आपापल्या होडीची हाळी पोचलेल्या आठ आयफोनांच्या नावांपुढे मी वहीत खुणा केल्या. दिवेलागण झाली तरी 'सातेरीप्रसाद' नव्हती. शेवंतीबाई धक्क्यावर उभ्या होत्या. सुहासिनी माझ्या वहीकडे बघत नव्हती, समुद्राकडेही नाही.

आणि पार दीपस्तंभाच्या टोकाच्या घरातून हाक उठली.

"सातेरीप्रसाद इलीऽऽ!"

दुसऱ्या घराने उचलली, तिसऱ्याने, दहाव्याने. चिरका आवाज, आत पाणी गेलेल्या फोनाचा घोगरा आवाज, तडकलेल्या काचेतून येणारा आवाज. हाक खाडीच्या काठाकाठाने आमच्याकडे चालत येत होती. सरकारी माणसाने कबूल करू नये तरी सांगतो, मी टोपी काढली. शेवटची हाक मासळी सुकवायच्या ओट्यावरून आली.

शेवंतीबाईंच्या पदराखालून तो नववा बोलला. पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली होती.

"आये, दिगू इलो गो."

शेवंतीबाईंनी पदरावरूनच त्याला थोपटलं. "आयकलंय रे, बाबा," त्या म्हणाल्या, आणि घरी चुलीवर भात ठेवायला निघाल्या.

मी नववी खूण केली. 'संदेशाचं माध्यम' या रकान्यात 'गळा' असं लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून चारशे बारा जणांच्या सह्या घेतल्या.