हवालदार आप्पांची मॅक्सी-परेड

हवालदार आप्पांच्या मिशा इतक्या झुपकेदार होत्या की दूधवालासुद्धा त्यांच्याशी बोलताना कॅन खाली ठेवायचा. आणि समोरच्या घरात राहणारा हाच माणूस भर दुपारी आमच्या अंगणात उकिडवा बसून माझ्या मॅक्सीची झालर निरखायचा आणि ओरडायचा, "घोट्याच्या वर घे! सायकलीच्या चेनीत घालतीस का काय पोरी?"

सांगलीला तेव्हा मॅक्सीची साथ आली होती. आधी आम्हा कॉलेजच्या पोरींना लागली, मग आमच्यापासून आमच्या वहिन्यांना. पण विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत ती पसरवली आप्पांनी. एका फौजी माणसानं! हसाल तर हसा, पण कुणी मॅक्सी शिवायला काढली की कापड आधी आप्पांच्या नजरेखालून जायचं आणि मगच शिंप्याकडे.

आप्पा मूळचे कुंडलचे. घरची उसाची शेती भावावर सोडून फौजेत गेले आणि सगळी नोकरी वर्दीच्या कोठारात काढली. त्यामुळे लढाईपेक्षा त्यांना बटणं, काज आणि कॉलर यांचंच जास्त कळायचं. परेडचा कपडा वेगळा, कामाचा वेगळा, रजेवरचा वेगळा. तोच कायदा त्यांनी आम्हाला लावला. "आधी मौका बघायचा, मग कपडा," हे त्यांचं दिवसातून दहादा ऐकू यायचं.

कॉलेजला जायचंय? बारीक चौकडा, कोपरापर्यंत बाही, झालर बंद. एसटीनं साताऱ्याला मावशीकडे? मातकट रंग, म्हणजे धूळ बसली तरी चुगली करणार नाही. मिरजेला दवाखान्यात कुणाला बघायला? "फिक्का निळा. ती मोठी मोठी फुलं घालून जाशील आन् पेशंटला घेरी यील." लग्नाला मात्र खुशाल आईची जुनी रेशमी साडी फाडायला सांगायचे. आई त्या दिवशी त्यांना चहा द्यायची नाही.

दुकानात तर विचारू नका. ताग्यातलं महाग कापड दुकानदारानं पसरलं की हे म्हणणार, "ते गुंडाळा. तुकडे कुठं ठेवलेत?" मग तुकडा उजेडाला धरायचे, दोन्ही हातांनी ताणायचे, चुरगाळून मुठीत दाबायचे. दुकानदार बिचारा आपलाच गळा दाबल्यासारखा बघत राहायचा. एकदा त्यांनी मला पडद्याच्या कापडाची मॅक्सी शिवायला लावली. स्वस्त आणि मस्त! चुलतभावाच्या लग्नात मी ती मिरवली, तर कार्यालयाला नेमके तेच पडदे. एका फोटोत माझं नुसतं डोकंच आलंय, बाकीची मी पडद्यात गडप. आप्पांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ह्याला म्हणत्यात छलावरण, म्हंजी दुश्मनाला दिसायचंच न्हाई. फौजेत ह्याचं बक्षीस मिळतं."

आईला मात्र या सगळ्याचा भयंकर राग. मॅक्सीला ती गोणपाट म्हणायची. त्याहून राग ताराकाकींमुळे. ताराकाकी म्हणजे आप्पांची बायको. आधी गल्लीतलं एकही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय झालं नव्हतं. पण अर्धांगाचा झटका आला, मिरजेच्या दवाखान्यातून परतल्या त्या डावा हात लुळा घेऊन. काठी धरून घरातल्या घरात चालायच्या, उंबरा मात्र ओलांडत नव्हत्या. कुणी भेटायला गेलं तर अंगभर चादर ओढून घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. "बायको अशी आत कोंडून पडलीय आणि हा बाप्या गल्लीभर झालरी तपासत फिरतोय!" आई मोठ्यानं म्हणायची, समोरच्या घरात ऐकू जावं म्हणूनच.

संक्रांत आली. हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आई मला घेऊन आमंत्रणाला समोर गेली. आप्पा दारातच उभे.

"आवं वहिनी, ती यील," ते म्हणाले. "पर तुमी मॅक्सी घाला."

आईनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, काही लाज?"

आप्पांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हिला एका हातानं नऊवारी नेसता येत न्हाई. मी नेसवाय बघितली. लय बघितली वहिनी. निऱ्या धरल्या की कासोटा सुटतुया. शेवटी मॅक्सी शिवली, ती हिच्या अंगात घालता येती मला. पर म्हणती, माझ्या वयाच्या बाईनं येकटीनं असं सोंग करून गल्लीत कसं जायाचं? म्हटलं, सगळी गल्लीच तसली केली तर? तवापासून पोरींच्या मागं लागलोय. पोरी ऐकल्या. तुमच्यासारख्या थोरल्या बाया काय ऐकंनात."

आईनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम खेकसली, "मग आधी नाही का सांगायचं? माझ्यासाठी कसली शिवू ते सांगा आता!"

"काळ्यात पांढरा ठिपका, संक्रांतीचा मौका हाय," आप्पांनी तत्काळ हुकूम सोडला. "झालर नगं. तुमी ठेंगण्या हायसा."

"ठेंगणी म्हणाले मला!" आई घरी येईपर्यंत पुटपुटत होती. पण संध्याकाळी तीच घरोघरी फिरली आणि एकेका बाईला पटवून आली.

हळदीकुंकवाच्या दिवशी आमची बैठक बघण्यासारखी होती. सगळ्या काळ्या मॅक्सीत, नाकात नथ, केसात गजरा आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव. गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी तर साडीवरूनच मॅक्सी चढवली होती. "साडी सोडवेना हो," म्हणाल्या, आणि बसल्या त्या कणगीसारख्या.

आप्पा ताराकाकींना हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन आले. पुढं बायकांचा कारभार, म्हणून ते बाहेरच थांबले. आईनं जाऊन काकींचा हात धरला. काकींची मान खाली, पाय अडखळत होते. दारात येऊन त्यांनी कशीबशी मान वर केली. एकीकडून दुसरीकडे सगळ्यांकडे बघितलं. मास्तरीणबाईंवर नजर थांबली, आणि काकींना जे हसू फुटलं ते आवरेना. आम्ही सगळ्याच हसायला लागलो, मास्तरीणबाई सगळ्यांत जास्त.

मी तिळगूळ घेऊन फाटकाकडे गेले. आप्पा आमच्याकडे पाठ करून कान देऊन उभे होते.

"पोरी, सगळ्यांच्या आधी हसली ती कोण गं?"

"काकीच की, आप्पा."

"व्हय?" ते म्हणाले. मिशा ओल्या झाल्या होत्या, त्या पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "वळखूच आलं न्हाई गं मला."