राजाच्या खुर्चीतले साहेब

न्यामुरा टेकडीवर झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत तेंदेकाईला सगळा हंगामभर फक्त शेळ्या दिसल्या. समोरून शेळ्या, मागून शेळ्या, एक शेळी तर कॅमेरा चाटताना. टेकडीच्या पोटातून नवा महामार्ग जाणार होता. तिथे दुर्मीळ जनावर आहे की नाही, हे पाहून अहवाल लिहायचा हे त्याचं काम. सापडलं तर रस्ता वळवावा लागणार, नाही सापडलं तर टेकडी आणि तिच्यावरचं सगळं रान आडवं होणार. आज गावात शेवटची सुनावणी होती आणि अहवालात दाखवायला त्याच्याकडे शेळ्यांपलीकडे काही नव्हतं.

तिथे खवल्या मांजर आहे, याची त्याला खात्री होती. फोडलेली वारुळं त्याने पाहिली होती. पण वारुळं काय, कुणीही फोडतं, असं कंपनीचं म्हणणं. मग त्याने गावच्या प्रमुख अंबुया, म्हणजे आजी, मुचानेता यांचे पाय धरले. मुचानेता म्हणजे ‘दमाल तुम्ही’. जन्मतःच भावकीला उद्देशून ठेवलेलं नाव, आणि भावकी खरोखरच दमली होती.

“अंबुया, एकदाच दाखवा. फोटो काढतो आणि जातो.”

“ते काय शेळी आहे दाखवायला?” अंबुया म्हणायच्या. “ते सापडलं की राजाकडे न्यायचं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही दाखवत.”

“मग राजेसाहेबांना सांगा ना!”

“ते गेलेत मुतारेला, डोळ्याच्या ऑपरेशनला. तू जेव आधी. वाळलास किती!”

आणि मक्याच्या पिठाच्या घट्ट साझ्याचा डोंगर त्याच्या ताटात पडायचा. तेंदेकाईचं वजन वाढलं, अहवाल काही वाढला नाही.

सुनावणीला रस्ता कंपनीचे मोठे साहेब चिंगवारू हरारेहून आले. पांढरी गाडी, निळा सूट, टोकदार बूट. झुझांजेच्या झाडाखाली गाव जमलं होतं. बसायला बाकडी, तिवया, उलट्या बादल्या, आणि मधोमध राजांची कोरीव खुर्ची, मोकळी. साहेबांनी बाकड्याकडे पाहिलं, सुटाकडे पाहिलं आणि सरळ जाऊन खुर्चीत बसले.

त्या खुर्चीत राजाशिवाय कुणी बसत नसे. म्हाताऱ्यांनी अंबुयांकडे पाहिलं. अंबुयांनी गुडघे टेकून ओंजळीने टाळ्या वाजवल्या.

“बसा, बसा महाराज. खुर्ची रिकामी बरी दिसत नव्हती. मी आलेच जरा.”

त्या सूप घेऊन टेकडीच्या बाजूला गेल्या. इकडे साहेब खुलले.

“मंडळी, मी टेकडी गाडीतून पाहिली. आहे काय तिथे? दगड आणि शेळ्या! तेंदेकाई, लिहा: दखल घेण्यासारखा प्राणी आढळला नाही. सही करा, म्हणजे आपण सगळे जेवायला मोकळे.”

तेंदेकाईच्या हातात पेन होतं. एक म्हातारा मधासाठी बोलला, एक बाई झुझांजेच्या फळांसाठी बोलली, साहेबांनी दोघांना छान मान डोलावली आणि घड्याळ पाहिलं. इतक्यात अंबुया आल्या. डोक्यावर सूप, सुपावर फडकं. साहेबांसमोर गुडघ्यांवर बसून त्यांनी फडकं उचललं.

सुपात खवल्यांचा एक भलामोठा गोळा होता.

पुरुषांनी टोप्या काढल्या, बायका खाली बसल्या, आणि टाळ्यांचा एकच ठेका सुरू झाला. याहून मोठा मान त्या मुलखात नाही. लोकांचे आजे-पणजे हा मान दुरून बघूनच गेले.

“हे राजाचं असतं,” अंबुया म्हणाल्या. “राजाच्या खुर्चीत आपण आहात. घ्या.”

चिंगवारू झाले तरी याच मातीतले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गोळा मांडीवर घेतला, ड्रायव्हरकडून सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले आणि लगेच सासुरवाडीला, भावांना आणि कंपनीतल्या समस्त वरिष्ठांना पाठवले. “घरी नेतो!” ते म्हणाले. “बागेत ठेवतो. बायकोला पटत नाही मी मोठा माणूस आहे म्हणून.”

तेंदेकाई त्यांच्या कानाशी वाकला. “साहेब, हे घरी नेलं तर नऊ वर्षं.”

“नऊच? मला वाटलं जास्त जगत असेल.”

“त्याचं नाही सांगत. तुमचं. नऊ वर्षं तुरुंग, कमीत कमी. जामीनही कठीण. जवळ बाळगलं तरी.”

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग सुटाला जुळायला लागला. त्यांनी गोळा खाली ठेवायला पाहिलं, पण गोळ्याने कोटाची बाही घट्ट धरली होती.

“ड्रायव्हर, धर हे!”

“मी?” ड्रायव्हर चार पावलं मागे सरला. “माझी काय लायकी, साहेब!”

“हवालदार, तुम्ही घ्या!”

बंदोबस्ताचा हवालदार मघापासून आभाळात ढग शोधत होता. “घेतलं तर मला मलाच पकडावं लागेल, साहेब.”

“आजी, हे परत घ्या.”

“छे छे! राजाला दिलेलं परत घेतलं तर पाऊस तोंड फिरवील. गावाला जगू द्यायचंय की नाही?”

साहेब फोटो पुसायला धावले. उशीर झाला होता. वरच्या साहेबांनी फोटो पाहून अंगठाही पाठवला होता आणि सासऱ्यांनी तो चर्चच्या ग्रुपवर टाकला होता.

“तेंदेकाई, तू शिकलेला आहेस. काहीतरी वाट काढ रे बाबा!”

“एक वाट आहे,” तेंदेकाई सावकाश म्हणाला. “हे पाहणीत आढळलं, नोंद झाली आणि साक्षीदारांसमोर होतं तिथेच सोडलं, तर गुन्हा नाही. पण मग जागा लिहावी लागेल. रस्त्याच्या आखणीवर, न्यामुरा टेकडी.”

“लिही!”

“मग रस्ता…”

“रस्ता गेला खड्ड्यात! लिही आधी. आणि माझ्या देखरेखीखाली आढळलं, असं लिही. ठळक लिही. कुठे करू सही?”

तेंदेकाईने ठळक लिहिलं. साहेबांनी सही केली, खाली नाव लिहिलं, नावाखाली हुद्दा लिहिला.

मग वरात टेकडीवर निघाली. पुढे अंबुया, मागे कोटात गोळा सांभाळणारे साहेब, त्यांच्यामागे अख्खं गाव. टोकदार बुटांनी चढावर राम म्हटला, तेव्हा साहेब मोज्यांवर चालू लागले. रस्त्याची लाल खुंटी होती, तिथे त्यांनी कोट जमिनीवर पसरला.

बऱ्याच वेळाने गोळा सैल झाला. आधी लांबुळकं नाक आलं, मग दोन काळेभोर डोळे. ते मागच्या पायांवर उभं राहिलं, पुढचे पंजे छातीशी जुळवले आणि काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखं चालू लागलं. उन्हात त्याचे खवले तांब्यासारखे दिसत होते. इतक्या माणसांतून ते कुणाकडेही न पाहता गेलं, खुंटीला वळसा घालून झाडांत शिरलं. इतकं देखणं काही आपण कधी पाहिलं नाही, हे तेंदेकाईला तिथेच जाणवलं.

“काय चालतं हो!” चिंगवारू हळूच म्हणाले. त्यांना कोटाची आठवण राहिली नाही.

रस्ता नदीच्या बाजूने वळला. वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोत अर्थात चिंगवारू. आता ते सभांमधून खवल्या मांजरावर बोलतात, आणि खरं सांगायचं तर बरं बोलतात.

तेंदेकाई निरोप घ्यायला गेला, तेव्हा अंबुयांच्या अंगणात एक धष्टपुष्ट गाय बांधलेली होती. असा मान घेणाऱ्याने उलट गाय द्यायची असते. चिंगवारूंनी रीत पाळली होती.

“अंबुया, तुम्हाला बीळ आधीपासून ठाऊक होतं?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून.”

“मग मला का नाही दाखवलंत? मी लिहिलं असतं की!”

“तू लिहिलंच असतंस, लेका. तुझ्यासारखा सरळ माणूस मी पाहिला नाही,” अंबुयांनी त्याच्या ताटात साझा वाढला. “पण तू लिहिलेलं त्यांनी खोडलं असतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं कोण खोडणार?”