कांडप तीन दिवस बंद

परदेशी समिती सोमवारी येणार होती, आणि करमाडजवळच्या राष्ट्रीय त्वरक प्रयोगशाळेचे संचालक दत्तोपंत मुळे यांनी त्याआधी आठवडाभर आवारातल्या प्रत्येक झाडाला चुना आणि गेरू फासून घेतला होता. झाडं संपली तेव्हा दगडांना फासला. पाहुणे येणार म्हटलं की रंग द्यायचा, मोडक्या खुर्च्या लपवायच्या आणि कुत्री हाकलायची, एवढी वैज्ञानिक तयारी त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत पक्की जमली होती. निवृत्तीला आता तीन महिने उरले होते.

उरलेली, म्हणजे खरी तयारी डॉ. शंतनू पैठणकर करत होता. प्रयोग सतरा देशांचा होता. जमिनीखालच्या भुयारात कणांचे दोन झोत समोरासमोर सोडायचे, त्यांची टक्कर घडवायची आणि त्या भंगारातून विश्व कसं सुरू झालं ते शोधून काढायचं. हा प्रयोग आपल्याकडे व्हावा म्हणून शंतनू अकरा वर्षं अर्ज, नकाशे आणि आराखडे पाठवत होता. तेवढ्या काळात त्याचे केस गेले, आणि बायकोला, नीरजाला, कबूल केलेली काश्मीरची सहल चारदा रद्द झाली. आता एकच परीक्षा उरली होती. झोत केसाहूनही बारीक, त्यामुळे खालची जमीन हलून चालणार नव्हतं. समिती सोमवारपासून भुयारात कंप मोजणार होती. जमीन हलली तर प्रयोग दुसऱ्या देशाला जाणार, आणि शंतनूची अकरा वर्षं रद्दीत.

शनिवारी रंगीत तालीम म्हणून आकाशनं भुयारात कंपमापक लावले. आकाश हा प्रयोगशाळेचा उपकरण अभियंता, करमाडचाच. सकाळी दहापर्यंत पडद्यावरची रेघ सरळ होती. दहा वाजता ती उड्या मारायला लागली. सेकंदाला बरोबर दोन.

"रेल्वे असेल," शंतनू म्हणाला.

"रेल्वे तीन तास एका जागी कशी धावेल, सर?"

दत्तोपंतांनी चष्मा वर केला आणि आवाज खाली आणला. "पैठणकर, मला यात परकीय हात दिसतो. दुसऱ्या देशाला प्रयोग हवाय ना? बघा."

आकाशनं घड्याळ पाहिलं. एक वाजला आणि उड्या थांबल्या. दोन वाजता पुन्हा सुरू झाल्या. "हात देशीच आहे, सर," तो म्हणाला. "गोजरआत्याचं कांडप आहे हे. एक ते दोन ती जेवते."

कुंपणापासून सातशे मीटरवर गोजरबाईचं मिरची कांडप होतं. सहा लोखंडी मुसळं, खाली सहा उखळ आणि वर एक मोटर. एप्रिल लागला की वर्षाचा काळा मसाला कुटायला अख्खा परिसर तिच्याकडे लोटायचा. शहरातून, क्रांती चौकातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा गाडीतून डबे घेऊन यायच्या.

"पण जानेवारीत मोजलं तेव्हा सगळं शांत होतं!" शंतनू कळवळला.

"जानेवारीत कोण मसाला करतं, सर?"

रविवारी संध्याकाळी शंतनू आणि आकाश गोजरबाईकडे गेले. ती मुसळं पुसत होती. शंतनूनं तीन दिवस कांडप बंद ठेवायची विनंती केली.

"काहून?"

"मावशी, त्यानं जमीन हलते."

"एकोणीस वर्षं झाली, हलवायलेच की मी. तवा नाय कुणी आलं."

"आमचा प्रयोग आहे. अणूच्या आतला कण असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक..."

"बारीकच पायजे व्हय? मग माझ्याकडं घेऊन या. दोन येळा चाळून देते."

आकाश मध्ये पडला. "आत्या, लई मोठं काम आहे. सतरा देशांचं. सायबांनी उभी उमर घातली त्यात."

गोजरबाईनं शंतनूच्या टकलाकडे निरखून पाहिलं, आणि तिला ते पटलं असावं. "बरं. पण लिहून द्या. शिक्क्यासकट. बाया मला फाडून खातील, तुमाला नाय."

शंतनूनं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: 'राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय हितास्तव कांडप सोमवारपासून तीन दिवस बंद राहील. तसदीबद्दल दिलगीर आहोत.' खाली ठसठशीत सही केली, शिक्का मारला. गोजरबाईनं तो कागद दाराशेजारच्या भिंतीवर खळीनं चिकटवला.

तो चिकलठाण्याच्या फ्लॅटवर पोचला तेव्हा जिन्यातच त्याला ठसका लागला. नीरजा नाकाला ओढणी बांधून चार किलो मिरची भाजत होती. खोबरं, धणे, दगडफूल सगळं भाजून ताटांत गार होत होतं.

"उद्या माझा नंबर आहे गोजरबाईकडे," ती म्हणाली. "एक्केचाळिसावा. मुद्दाम रजा टाकलीय बँकेत. महिन्यापूर्वी लावला तेव्हा कुठे मिळाला."

सांगायची वेळ हीच होती. शंतनूनं तोंड उघडलंही, पण आत धूर गेला आणि तो दहा मिनिटं खोकत राहिला. तोवर नीरजा दुसऱ्या घाण्याकडे वळली होती. माणूस भित्रा असला की त्याला खोकलासुद्धा वेळेवर येतो. उद्या सकाळी सांगू, असं ठरवून तो झोपला आणि सकाळी ती उठायच्या आत निघून गेला.

सोमवारी समिती आली. अध्यक्षा डॉ. इंग्रिड साठीच्या, उंच, पांढऱ्याशुभ्र पँटमधल्या. उतरताच त्या एका कडुनिंबाला टेकून बुटाची नाडी बांधायला लागल्या आणि पँटवर गेरूचा पट्टा घेऊन उठल्या.

"तुमच्या झाडांना काही आजार आहे का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"स्वागत, मॅडम, स्वागत," दत्तोपंत म्हणाले.

मोजणी सुरू झाली. दहा वाजले, साडेदहा वाजले, अकरा वाजले. रेघ सरळ. दत्तोपंतांनी पेढे मागवले. अकरा वीसला रेघ थरथरली. मग तिनं डोकं वर काढलं, आणि मग ती अशी उसळली की पडद्याबाहेर गेली. ना ताल, ना तोल.

"आकाश, कांडप तर बंद आहे ना?" शंतनूनं विचारलं.

"हे आत्याचं नाय, सर. आत्या तालात असते. हे... हे लई जण आहेत."

तेवढ्यात शंतनूचा फोन वाजला.

"शंतनू," नीरजाचा आवाज भयंकर शांत होता. मागून धबाधबा आवाज येत होता. "इथे भिंतीवर एक कागद आहे."

"कुठला कागद?"

"मुलांच्या प्रगतिपुस्तकावर वीस वर्षं तीच सही बघतेय मी. ये इकडे."

गोजरबाईच्या घराशेजारी गावाचं समाजमंदिर होतं. तिथल्या फरशीवर वीसेक उखळं मांडून चाळीस बायका उभ्या होत्या. कुणी माळ्यावरून मुसळ काढलं होतं, कुणी शेजारणीचं ओढून आणलं होतं. ओढणी कमरेला खोचून नीरजा मधोमध होती, आणि मुसळ हाणताना ती कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत असेल हे शंतनूला विचारावं लागलं नाही.

"नीरजा, हे थांबवा! निदान तीन दिवस!"

"भाजलेली मिरची थांबत नाही, शंतनू. सर्द होते, वास जातो. आज भाजली की उद्या कुटावीच लागते. या सगळ्याजणींनी काल भाजलीय. तुझा कण थांबेल की. तेराशे कोटी वर्षं थांबलाच आहे ना तो?"

"व्हय की," बाजूची एक बाई म्हणाली. "आन् उद्याच्या नंबरवाल्यांनी आज भाजाया घेतलीय. त्या उद्या येतील."

शंतनूनं पायाखाली पाहिलं. समाजमंदिरापासून भुयारापर्यंत एकच सलग काळा पाषाण होता. अकरा वर्षं प्रत्येक अर्जात त्यानंच तो 'अखंड खडक' म्हणून कौतुकानं लिहिला होता.

तो परतला तेव्हा दत्तोपंत समितीला समजावत होते. "हा आमचा लोकोत्सव, मॅडम. वर्षातून एकदाच. तोही योगायोगानं आज."

"आधीची एखादी नोंद आहे का?" इंग्रिडबाईंनी आकाशला विचारलं.

दत्तोपंतांनी आकाशच्या पायावर पाय दिला. पण आकाशला खोटं बोलायचं प्रशिक्षण अजून मिळायचं होतं. त्यानं शनिवारची नोंद पडद्यावर लावली. इंग्रिडबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सेकंदाला दोन उड्यांची ती रेघ कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

शंतनू थकला होता. खोटं बोलायलासुद्धा अंगात त्राण लागतं. "मसाला कुटायचं यंत्र," तो म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून मी ते बंद करायला लावलं. आज जे दिसतंय ते त्याचंच फळ. चाळीस बायका हातानं कुटतायत. त्यात माझी बायको पण आहे."

"डॉक्टर पैठणकर," इंग्रिडबाई म्हणाल्या, "तुम्ही झाडं रंगवलीत, ते मी समजू शकते. पण मला तुमचा सजवलेला दिवस नको, नेहमीचा हवा. इतका नेमका ठोका असेल तर आमची यंत्रं तो ओळखून वजा करतात. माणसांच्या लहरी वजा करता येत नाहीत. आमच्याकडे ट्राम वेळेवर येत नाही, त्यापायी आमची सहा वर्षं गेली. ते यंत्र सुरू करा. गुरुवारी दुपारी माझं विमान आहे."

शंतनू अक्षरशः पळत गोजरबाईकडे गेला. ती दारातल्या बाजेवर पाय पसरून बसली होती. असं दुपारी बसायचं सुख तिला एकोणीस वर्षांत प्रथमच मिळालं होतं.

"मावशी, कांडप चालू करा. आत्ताच्या आत्ता!"

"कशानं? मोटर धाडली की सकाळीच चिकलठाण्याला, वाइंडिंगला. तुमीच म्हणले ना तीन दिस बंद? म्हटलं, एवढ्यात काम उरकून घेऊ."

चिकलठाण्याच्या वाइंडिंगवाल्या चाचांनी शंतनूला एक पाटी दाखवली. पाटीत तांब्याच्या तारेचा गुंता होता. "ये रही आपकी मोटर, साहब. पूरी खोल डाली. जुमेरात को आना."

"चाचा, गुरुवारी फार उशीर होईल. सतरा देश खोळंबलेत!"

"सतरा आओ या सत्तर आओ, साहब. वार्निश सूखेगा तभी तो मोटर चलेगी."

शेवटी मोटर, पाटी आणि चाचा असे तिघेही सरकारी गाडीत बसून प्रयोगशाळेत आले. अतिशीत चुंबकांची वेटोळी गुंडाळणारं यंत्र तिथे होतं. ते देशात दुसरीकडे नव्हतं. वार्निश वाळवायला निर्वात भट्टी होती. कामाच्या नोंदीत लिहायचं काय हा प्रश्न आला तेव्हा आकाशनं लिहिलं: 'चुंबक क्रमांक अठरा. उपयोग: मिरची.' मंगळवारी दिवसभर पांढरे डगले घातलेले चार शास्त्रज्ञ तार गुंडाळत होते. चाचा मागे उभे राहून त्यांना झापत होते. "ढीला मत छोडो, मियाँ! ये मसाले का काम है, इसमें खेल नहीं चलता." दत्तोपंत भट्टीच्या दाराशी पहाऱ्याला बसले होते, आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांना आपण काहीतरी प्रयोग करतोय असं वाटत होतं.

बुधवारी सकाळी दहाला मोटर बसली. गोजरबाईनं हळद-कुंकू वाहिलं, खटका दाबला. धाड, धाड, धाड, धाड. समाजमंदिरातल्या बायकांनी मुसळं भिंतीला टेकवली आणि डबे घेऊन रांगेत आल्या. भुयारातल्या पडद्यावर सेकंदाला दोन उड्या सुरू झाल्या, आणि अर्ध्या तासात समितीच्या यंत्रांनी त्या ओळखून वजा केल्या. रेघ सरळ झाली. शंतनूच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असेल, असं तो आकाशला म्हणाला, पण भुयारात मिरची नव्हती.

इंग्रिडबाई मात्र भुयारात थांबल्या नाहीत. त्या कांडपापाशी दोन तास शिंकत उभ्या होत्या आणि हातातल्या घड्याळाशी मुसळं ताडून पाहत होत्या. "एकदासुद्धा चुकली नाही," त्या प्रत्येक शिंकेनंतर म्हणत होत्या.

पंधरा दिवसांनी निकाल आला. जागा मंजूर झाली होती. अट एकच होती: प्रयोगाच्या दिवशी कांडप नेहमीच्या तालात चालू असलं पाहिजे आणि त्याचं वेळापत्रक सतरा देशांना आधी कळलं पाहिजे. शंतनूनं नीरजाला फोन केला. त्या सोमवारपासून ती त्याच्याशी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलत होती.

"मंजूर झालं," तो म्हणाला.

"अकरा वर्षं, शंतनू," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. मग नाक ओढून म्हणाली, "जा, आधी त्या बाईंना सांगून ये. आणि या वेळी खोकू नकोस."

तो गेला तेव्हा भिंतीवर त्याचं बंदचं पत्र तसंच होतं. कुणीतरी त्याच्या सहीखाली कोळशानं टक्कल असलेला चेहरा काढला होता. शंतनूनं शेजारी 'कांडप चालू ठेवावे' असं नवं पत्र चिकटवलं आणि वेळापत्रक मागितलं.

"आसलं काय नसतंय," गोजरबाई म्हणाली. "वही असती. नंबर टाका. नंबराबिगर इथं कुणाचंच होत नाय, मोठ्या सायबाच्या बायकोचं बी नाय."

शंतनूनं वही उघडली. शेवटची ओळ होती, 'नीरजाताई, पुढल्या साली, पयला नंबर.' त्याखाली त्यानं नीट अक्षरात लिहिलं, 'सतरा देश.'

गोजरबाईनं वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली. पेन्सिल कानामागून काढली.

"भाजून आणता का कच्चंच?"

रद्द झालेल्या चार सहली शंतनूच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि हात नकळत टकलावरून फिरला.

"भाजून," तो म्हणाला.

"मग लौकर या, सायेब," गोजरबाईनं ओळीवर बरोबरची खूण केली. "भाजलेलं थांबत नाय."