रेडिओच्या बुटातला खडा

“ताई, माझ्या बुटात खडा आहे.”

“मग काढ की. मला काय सांगतोस?”

“काढला गं. बूट उलटा करून दोनदा आपटला. काही पडतच नाही. पण डाव्या टाचेखाली टोचतंय.”

“तुझ्या डोक्यात असेल तो,” आरशासमोर कॉलर सारखी करत उस्ताद गुरगुरले. “चल लवकर. उशीर झाला तर मालक माझ्या खुर्चीशी दुसऱ्याला उभा करेल. मग काढत बस खडे.”

बुटात खडा असणारा हा माणूस म्हणजे उस्तादांचा मेहुणा. खरं नाव काय ते त्याच्या ताईलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. सगळे त्याला रेडिओ म्हणायचे, कारण बंद करायचं बटण त्याला बसवलेलंच नव्हतं. त्यात केस खांद्यापर्यंत वाढलेले, मागून बघितलं तर वाटावं झुडूप चाललंय. उस्ताद म्हणजे गावातली सगळ्यात हलकी कात्री, आणि त्यांच्याच घरात हे झुडूप हिंडत होतं. विचारलं की म्हणायचा, “फॅशन आहे भाऊजी, तुम्हाला नाही कळायचं.” उस्तादांचं टाळकं सटकायचं.

उस्तादांचं टाळकं तसं कशानेही सटकायचं. मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात सुधारला, बोलणं सुधारलं, राग तर बिघडलाच नव्हता. पण डाव्या पायाचा पंजा लोंबकळत राहिला. पाऊल उचललं की अंगठा जमिनीत रुतायचा आणि उस्ताद तोंडावर यायचे. सलूनमधली खिडकीजवळची खुर्ची, जिच्याशी ते अर्धं आयुष्य उभे राहिले, ती रिकामी पडली होती.

मग हॉस्पिटलातल्या फिजिओबाईंनी पट्टा आणला. गुडघ्याच्या जरा खाली बांधायचा. आणि डाव्या बुटात, आतल्या तळव्याखाली, टाचेपाशी एक चपटं बटण बसवायचं. दोघांमध्ये वायर नाही, काही नाही.

“तुमचा स्नायू ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या होत्या. “फक्त वरून निघालेला हुकूम खाली पोचत नाही. हा पट्टा तोच हुकूम जवळून देतो. टाच उचलली की शिरेला बारीकसा करंट, पंजा वर. टाच टेकली की करंट बंद. उभं राहून काम करताना पट्टा बंद ठेवायचा. लक्षात राहील?”

पहिल्यांदा पट्टा बांधून हॉस्पिटलच्या लांब गॅलरीत उस्ताद चालले, न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत आले आणि बाईंवरच खेकसले, “हे आधी का नाही दिलंत?” डोळे भरून आले की ते असेच खेकसायचे. बाईंना ते कळत होतं. रेडिओला नाही. तो मागून म्हणाला, “करंटवर पंखा चालतो, माणूस कसा चालेल? मनाचे खेळ आहेत भाऊजी.”

बाईंनी सपाट तळाचे, नाडीचे बूट घ्यायला सांगितलं होतं. रेडिओला एकावर एक फुकट मिळाले. एक जोड भाऊजींना, फुकटचा स्वतःला. तोच रंग, तेच माप. काल रात्री ताईने दोन्ही जोड पुसून, चकचकीत करून दाराशी ओळीने मांडून ठेवले होते. आज उस्तादांची परीक्षा होती ना.

परीक्षा अशी होती. मालकांनी निरोप धाडला होता की या आणि आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची, जज्जसाहेबांची, दाढी करून दाखवा. काठी नको, कुणाचा आधार नको, खुर्चीपासून बेसिनपर्यंत आपल्या पायाने. जमलं तर सोमवारपासून खुर्ची तुमची. नाही जमलं तर दुसरा माणूस तयार आहे.

दोघं निघाले. बाईंनी बजावलं होतं की रस्त्यावर सोबत कुणीतरी हवं, हातात हात घालून, डाव्याबरोबर डावा, उजव्याबरोबर उजवा. रेडिओने ते मात्र मनावर घेतलं होतं. “डावा! उजवा! डावा!” असा ओरडत तो चालला, की भाजीवाल्याने वजनकाटा सोडून बघितलं. पण उस्ताद चालले. काय चालले! पंजा टपकन वर, टाच टपकन खाली. फुटपाथची कड आली, चढले. उखडलेली फरशी आली, ओलांडली.

“बघ,” उस्ताद म्हणाले. “म्हणे मनाचे खेळ.”

“ते सोडा, माझा खडा,” रेडिओ म्हणाला आणि टाच उचलून पाय झटकायला लागला. उस्तादांच्या पायात उगाच मुंग्या आल्या. त्यांना वाटलं, आनंदाने आल्या असतील.

सलूनमध्ये मालक गल्ल्यापाशी हाताची घडी घालून उभे होते. जज्जसाहेब आधीच खुर्चीत रेलले होते, डोळे मिटून, गळ्याभोवती पांढरं कापड. रिटायर होऊन जमाना झाला तरी बसायचे असे की वाटावं, आत्ता निकाल देतील.

“दारातून आलास ते झकास आलास,” मालक म्हणाले. “आता हा हात सोड त्याचा.”

रेडिओने हात सोडला, खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन खिडकीसमोर उभा राहिला. उस्तादांनी ब्रश फिरवला, फेस काढला, जज्जसाहेबांच्या गालांवर चढवला. हाताला सगळं आठवत होतं. पट्टा बंद करायचं तेवढं राहून गेलं. खरं तर बंद करायचा धीर झाला नव्हता. कोण जाणे, परत चालू नाही झाला तर?

“गरम टॉवेल घेतो,” ते म्हणाले, बेसिनकडे वळले आणि डावं पाऊल उचललं.

पंजा उठलाच नाही. अंगठा फरशीला अडला. उस्ताद पुढे गेले, पाय मागे राहिला. हात फळीवर पडला, फळीवरचा पावडरचा डबा उडाला आणि बरोब्बर मालकांच्या डोक्यावर जाऊन उपडा झाला. क्षणभर सलूनमध्ये धुकं. धुकं विरलं तेव्हा गल्ल्यापाशी एक पांढरा माणूस उभा होता आणि त्याला दोन काळे डोळे होते.

“पहिल्याच पावलाला?” पांढरा माणूस म्हणाला.

“डबा निसटला मालक. टॉवेल नंतर घेतो. आधी दाढी.” उस्ताद खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. गॅलरीत चाललो, रस्त्यावर चाललो, आणि इथे, नेमकं इथे?

त्यांनी वस्तरा उघडला आणि जज्जसाहेबांच्या गळ्याशी नेला. तेवढ्यात डावा पाय नाचायला लागला.

टप. टप. टप. पंजा वर, पंजा खाली. उभ्या माणसाचा, ज्याला कुठेही जायचं नाही अशा माणसाचा. उस्तादांनी वस्तरा हवेतच थांबवला. उजवा पाय डाव्यावर ठेवून दाबून बघितला, तर उजवाही हलायला लागला.

“कुठलं गाणं आहे?” डोळे न उघडता जज्जसाहेबांनी विचारलं.

“अं? गाणं? मनातल्या मनात आहे साहेब.”

“ठेका बरा आहे. जरा घाईत आहे.”

“उस्ताद,” मालक भुवया झटकत म्हणाले, “वस्तरा हातात असताना नाचतोस?”

मशीन बिघडलं की पाय बिघडला? की डोक्यात परत काही झालं? त्यांनी मदतीला म्हणून समोरच्या आरशात पाहिलं. आरशात मागची खिडकी दिसत होती आणि खिडकीपलीकडे रेडिओ, फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. रेडिओचा डावा पाय उचलला, उस्तादांचा पंजा वर. रेडिओची टाच टेकली, पंजा खाली. रेडिओ थांबला, पाय थांबला. रेडिओने हसून एक उडी मारली आणि उस्तादांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

टाचेखाली टोचतंय. खडा. उलटा करून आपटला तरी पडत नाही. आणि दाराशी ओळीने मांडलेले दोन सारखे जोड.

“गाढवा,” उस्ताद दातांतल्या दातांत म्हणाले.

“मला म्हणालात?” जज्जसाहेबांनी एक डोळा उघडला.

“नाही हो साहेब! घरचा माणूस आहे एक.”

आता काय करायचं? ओरडून सांगावं तर काय सांगणार, मालक, माझा पाय मेहुण्याच्या बुटात राहिलाय? पावडर खाल्लेला माणूस ऐकून घेईल? पट्टा बंद केला तर नाच थांबेल, पण मग बेसिनपर्यंत जायचं कसं? आणि जज्जसाहेबांचा फेस सुकायला लागला होता.

उस्तादांनी डोळे आरशात रोवले. रेडिओ थांबला की वस्तरा गालावर, सर्रकन एक हात. रेडिओ चालला की वस्तरा वर, फडक्याला पुसायचा, वाट बघायची. रेडिओ भिंतीला टेकला तेवढ्यात हनुवटी उरकली. गळ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिकडे बोलणं रंगात आलं होतं. दार उघडं होतं, शब्द आत येत होते.

“हो ताई, काठी नाही! दारातून एकटे गेले म्हणजे काय, ऐटीत गेले! मी? मी कुठे धरलं होतं, नुसता हात लावलेला! रडतेस काय वेडे? थांब, मलाही… नाही, धूळ गेली डोळ्यात.”

उस्तादांचा वस्तरा जरा जास्तच वेळ हवेत राहिला. या वेळी पायामुळे नाही.

शेवटी गळाही झाला. राहिला टॉवेल. बेसिन समोर, चार ढांगांवर, पण उस्तादांना ते नदीपलीकडे वाटत होतं. त्यांनी हाक मारली, “रेडिओ! आत ये. फोन ठेव.”

“काय झालं भाऊजी?”

“काही नाही. माझ्याबरोबर बेसिनपर्यंत चल.”

“बेसिनपर्यंत? आत्ता? अहो, पण आधार नको असं…”

“धरू नकोस. नुसता शेजारून चाल. डाव्याबरोबर डावा. आणि तोंड बंद.”

रेडिओ तोंड बंद ठेवू शकत नव्हता, म्हणून तो हळू आवाजात “डावा, उजवा” म्हणाला. दोघं छाती काढून, खांद्याला खांदा लावून परेडसारखे बेसिनपर्यंत गेले. उस्तादांनी टॉवेल पिळला. दोघांनी तिथल्या तिथे पाय आपटत तोंडं फिरवली आणि परत आले. मालकांचं तोंड उघडंच होतं. त्यात थोडी पावडर गेली.

जज्जसाहेबांनी गरम टॉवेलखालून चेहरा काढला, गळ्यावरून बोटं फिरवली, उलटी, सुलटी. सगळे थांबले. रेडिओसुद्धा.

“इतक्या महिन्यांत,” जज्जसाहेब म्हणाले, “अशी दाढी झाली नाही. हल्ली सगळे गवत कापल्यासारखे कापतात. तुम्ही दर हाताला थांबलात. विचार केलात. मग हात चालवलात.”

“देवाची कृपा साहेब,” उस्ताद म्हणाले आणि आरशात रेडिओकडे बघितलं.

मालक खांद्यावरची पावडर झटकत पुढे आले. “सोमवारी वेळेवर ये. आणि हे परेडचं काय ते घरी कर.” मग रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, “सुटलो बाबा याच्यापासून. उस्ताद, तुला माहीत नसेल, हा माणूस दर आठवड्याला इथे येऊन बसायचा. खुर्ची कुणाला देऊ नका, भाऊजी येतायत, आज एवढं चालले, काल तेवढं चालले. माझं डोकं पिकलं याच्या बडबडीने. दुसरा माणूस दोनदा येऊन परत गेला. मी म्हटलं, निदान ते केस तरी काप, गिऱ्हाइकं घाबरतात. तर म्हणे, भाऊजींच्या हाताशिवाय डोक्याला कात्री लावणार नाही.”

उस्तादांनी झुडपाकडे बघितलं. झुडूप फरशीकडे बघत होतं.

“फॅशन आहे म्हणालास ना रे मला?”

“होती ना,” रेडिओ पुटपुटला. “आता जाईल.”

जज्जसाहेब उठले. उस्तादांनी कापड झटकलं, इतक्या जोरात की फटाक्यासारखा आवाज आला. “बस,” ते खेकसले.

“आत्ता? मी? अहो, आधी बुटातला खडा तरी…”

“खडा राहू दे. बस म्हटलं की बसायचं.”

रेडिओ बसला. उस्तादांनी त्याच्या गळ्याला कापड बांधलं, ओला कंगवा फिरवला, कात्री उचलली. पहिली बट खाली पडली, दुसरी पडली. रेडिओ गप्प होता. एक शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा गप्प. मान खाली, चेहरा केसांत, आरशात काहीच दिसत नव्हतं.

पण उस्तादांचा डावा पंजा हळूच हलला. टप. मग परत टप, टप, टप, बारीक, थरथरत, कुणाचे पाय पायटेकणीवर जागचे राहत नसावेत तसा. उस्ताद खाली आपल्या पायाकडे बघत राहिले. करंट इतका गोड लागतो, हे फिजिओबाईंनी सांगितलं नव्हतं.

त्यांना खेकसायचं होतं, पण या वेळी जमलं नाही.

“टाच टेकव, बाळा,” ते म्हणाले. “हातात कात्री आहे माझ्या.”