इलेक्ट्रॉनची फिरकी

"आधी ती बशी खाली ठेवा!" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या.

"ठेवता आली असती तर ठेवली नसती का?" सर कळवळून म्हणाले.

सरांचा उजवा हात बघून कुणाचेही डोळे पांढरे झाले असते. पंजा बगलेखालून मागे जाऊन पुन्हा बाहेर आलेला, कोपर छताकडे, खांदा कानाला टेकलेला आणि मान भलतीकडेच. आणि या सगळ्या गुंत्याच्या टोकाला, उताण्या तळहातावर, निळ्या कडेची बशी मात्र अगदी सपाट. जसं काही झालंच नाही! सकाळचे नऊ वाजले होते आणि अकरा वाजता सरांना कॉलेजच्या समितीपुढे उभं राहायचं होतं.

सर पदार्थविज्ञान शिकवत. सात वर्षं शिकवत होते आणि सातही वर्षं हंगामी होते. सासूबाई आल्यागेल्याला "हे आमचे हंगामी जावई" अशीच ओळख करून देत. त्या स्वतः आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि आता दुसरा महिना संपत आला होता, पण तो हिशेब काढायची सरांची छाती नव्हती. आज समिती त्यांचं व्याख्यान ऐकणार होती. विषय, पुंजयांत्रिकीची, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची, तोंडओळख. आवडलं तर नोकरी कायम, नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरी. समितीचे अध्यक्ष सिमेंटच्या धंद्यातले. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "फळ्यावर गणितं नकोत. मला कळलं तर सगळ्या जगाला कळलं."

म्हणून सरांनी इलेक्ट्रॉनची फिरकी बशीवर दाखवायची ठरवली होती. युक्ती सोपी. तळहातावर बशी आडवी धरायची आणि हात बगलेखालून पूर्ण एक फेरी फिरवायचा. बशी पुन्हा होती तशी दिसते, पण हाताला पीळ पडलेला असतो. त्याच दिशेने, आता डोक्यावरून, आणखी एक फेरी घेतली की पीळ आपोआप सुटतो. आपण स्वतःभोवती एक गिरकी घेतली की होतो तसे होतो. इलेक्ट्रॉनचं तसं नाही, त्याला दोन लागतात. हे सर सात वर्षं शिकवत आले होते. स्वतः करून बघितलं ते आज, पहिल्यांदाच! पहिली फेरी झाली, खांद्यात कट्ट असं वाजलं आणि हात पुढे जाईना की मागे येईना. त्यात घाबरून बोटांना पेटका आला आणि ती बशीच्या कडेला घट्ट आवळून बसली.

"अहो, गेला तसा मागे आणा ना," बायको म्हणाली आणि तिने कोपर धरून जरासा ओढला.

"आई गं!"

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही हाक मारली!"

"बरं. पण जावईबापू, सहातली शेवटची बशी आहे ती. माझ्या लग्नातली. तिला टवका जरी उडाला ना..." 

घरात दुसऱ्या बशा नव्हत्या का? होत्या. पण सगळ्या खोलगट. सपाट अशी ही एकच होती आणि सासूबाई आंघोळीला गेल्या आहेत असं बघून सरांनी ती हळूच फडताळातून काढली होती. चोरी केली आणि मुद्देमालासकट जागीच पकडले गेले!

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना साडेअकराला उघडायचा. तोवर थांबायची सोय नव्हती. बायकोने शर्टाची डावी बाही चढवली, उजवी पिनेने अडकवून टाकली. तिला स्वतःला बँकेत वेळेवर पोचायचं होतं. पाय निघत नव्हता, पण इलाज नव्हता.

"मी जाते ह्यांच्याबरोबर," सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "जावयाचं काय ते समिती बघेल. बशीचं कोण बघणार?"

टॅक्सीत नवीनच पंचाईत. हात आत मावेना. शेवटी खिडकीची काच खाली करून सरांनी कोपर बाहेर सोडलं. दोन चौक पार झाले आणि ड्रायव्हर वैतागला.

"साहेब, तो हात आत घ्या. मागच्या गाड्यांना वाटतंय आपण वळतोय. तिघं वळलेसुद्धा!"

"हात आत येत नाही हो."

"मग निदान बशी तरी आत घ्या. लोक तिच्यात नाणी टाकतील."

नाणी कुणी टाकली नाहीत, पण सिग्नलला एका बाईने कळवळून "च्च, च्च" केलं. सर शरमेने अर्धे झाले. सात वर्षांची तपश्चर्या अशी बशीत मांडून गावभर दाखवत आपण चाललोय, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

समितीच्या खोलीत तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षसाहेब, एका बाजूला प्राचार्यबाई, दुसऱ्या बाजूला नाकावर चष्मा ओघळलेले खजिनदार. टेबलावर नेमणुकीचा टाइप केलेला कागद होता, फक्त सही व्हायची बाकी. सर आत आले. प्राचार्यबाईंच्या हातातलं पेन गडगडत टेबलाखाली गेलं. सासूबाई मागच्या बाकावर बशीवर डोळा ठेवून बसल्या.

"हे... हे काय आहे?" अध्यक्षांनी कसंबसं विचारलं.

आता लाजायला काही शिल्लकच नव्हतं. सर म्हणाले, "साहेब, हा इलेक्ट्रॉन आहे."

"तुम्ही आमची फिरकी घेताय?"

"तुमची नाही, इलेक्ट्रॉनची. ही बशी बघा. सुरुवातीला होती तशीच आहे ना? एक पूर्ण फेरी झाली तिची. पण हात बघा माझा! सगळं पूर्वीसारखं झालंय असं म्हणाल का?"

"छे! बघवत नाही."

"तेच! इलेक्ट्रॉन एका फेरीत होता तसा होत नाही. त्याचं चिन्ह उलटं होतं, अधिकचं उणं. त्याच दिशेने आणखी एक फेरी झाली, की तो पुन्हा मूळचा."

खजिनदारांनी चष्मा वर सरकवला. "मग घ्या की दुसरी फेरी."

सरांचा खांदा दगडासारखा झाला होता आणि डोळ्यांसमोर फुटलेली बशी दिसत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि कागद बाजूला सरकवला. सात वर्षं संपली, असं सरांना वाटलं.

आणि मागच्या बाकावरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, बशी फुटली तरी चालेल! फिरवा हात!"

सर इतके हबकले की अंगातली सगळी ताकदच गेली. लग्नाला बारा वर्षं झाली, असं वाक्य त्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. बोटं सुटली, खांदा सैल पडला आणि हात आपसूक वर गेला, डोक्यावरून गरकन फिरला आणि छातीसमोर येऊन थांबला. सरळ, सुटा. तळहातावर बशी, जशीच्या तशी!

"वाऽ!" प्राचार्यबाई ताडकन उभ्याच राहिल्या.

"मंजूर!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कळलं बुवा. आणा ती बशी इकडे. मी करून बघतो."

"साहेब, आधी सही..." सर घाईघाईने म्हणाले.

"सही कुठे पळून जातेय?"

साहेबांनी कोट काढला, बशी घेतली आणि बगलेखालून दणक्यात एक फेरी मारली. कट्ट! खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

"आयाई गं! नामंजूर! नामंजूर! याला आधी कॉलेजातून बाहेर काढा!"

सरांचं धाबं दणाणलं. सही करायचा हात साहेबांच्या कानामागे उभा होता. "साहेब, आणखी एकच फेरी..."

"एकीनेच ही गत केली, आणि वर दुसरी?"

सासूबाई उठल्या. "अर्ध्यावर थांबलं की असंच व्हायचं," म्हणत त्यांनी सिमेंटवाल्यांचं कोपर धरलं. "वर बघा. श्वास घ्या. बशीकडे मी बघते." आणि ओली चादर पिळावी तसा तो हात त्यांनी डोक्यावरून एका झटक्यात फिरवून सोडवला.

साहेब घामाघूम होऊन खुर्चीत बसले. दोन्ही हात उघडून मिटून बघितले. मग बारीक आवाजात म्हणाले, "मंजूर."

"हेच ते!" सरांना राहवेना. "एका फेरीत 'हो'चं 'नाही', दुसऱ्या फेरीत 'नाही'चं 'हो'!"

"कळलं," साहेब म्हणाले आणि त्यांनी घाईने सही केली, न जाणो तिसरी फेरी घ्यायला लावतील म्हणून.

बाहेर पायऱ्या उतरताना सरांच्या खिशात कागद होता आणि हातात बशी.

"आई, माझ्यासाठी तुम्ही शेवटच्या बशीवर पाणी सोडलंत. हे मी जन्मभर विसरणार नाही."

"शेवटची कसली?" सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "पाच आहेत माझ्या ट्रंकेत. शेवटची म्हटलं की माणसं जपून वापरतात, म्हणून सांगते आपली."

सर जागच्या जागी थिजले. दोन हातांच्या चार फेऱ्यांतून आणि टॅक्सीच्या खिडकीतून सुखरूप आलेली बशी त्यांच्या बोटांतून निसटली आणि तिसऱ्या पायरीवर खळ्ळकन फुटली.

सासूबाईंनी तुकड्यांकडे बघितलं, मग जावयाकडे.

"उरलेल्या पाचांतली एकही आता तुमच्या हाताला लागायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही बंदी हंगामी नाही, जावईबापू. कायम!"