गणोजी साळिंदर आणि दुसरा ग्रह

एका जंगलात, मुलांनो, वीज होती. ती कुठून आली असं विचारणाऱ्याने उठून मागे बसावं. विजेशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

त्या जंगलात एक रीत होती. नवी वस्तू आली की एका प्राण्याने ती दिवसभर वापरायची आणि सूर्य मावळताना सभेच्या खडकावर चढून आपलं पहिलं मत सांगायचं. मागे अस्वलाने आरसा वापरून पाहिला होता. 'आत राहणारा इसम उद्धट आहे,' असं त्याचं मत पडलं. आरसा डोहात गेला.

या खेपेला सहलीची माणसं एक व्हिडिओ गेम विसरून गेली. नाव 'तेरावा ग्रह'. त्यात आपण आपण नसायचं. दुसरंच कुणीतरी होऊन अंतराळात हिंडायचं. पाळी होती गणोजी साळिंदराची.

त्याची बायको सगुणा मात्र वर बघत होती. हत्तींची वाट त्यांच्या बिळाच्या बरोबर डोक्यावरून जायची, आणि बिळाचं छत जेवलेल्या पोटासारखं खाली आलं होतं.

"अहो, आज संध्याकाळी हत्ती परतायचेत. तेवढा टेकू लावा."

"अगं, सभेचं काम आहे. आधी नाक निवडू दे."

कारण खेळात सुरुवातीला स्वतःला घडवायचं होतं. गणोजीने अंगावरचे काटे काढून टाकले. उंची वाढवली. कप्तानाचा डगला चढवला. नाकाचे एकशे बारा प्रकार होते. त्याने सगळे लावून पाहिले आणि शेवटी पहिलंच ठेवलं. तोवर दुपार झाली.

"टेकू!" सगुणा म्हणाली. "छत पडलं ना, तर मी चालले बाबांच्या बिळात. मग बसा नाक कुरवाळत."

"हो गं, उडतोय आता," गणोजी म्हणाला, आणि खरंच उडाला. त्याचं यान पहिल्या ग्रहावर जाऊन आपटलं. तिथे एका झोपडीपुढे तीन डोळ्यांची म्हातारी उभी होती. तिच्या डोक्यावर हवेत पिवळंधमक उद्गारचिन्ह लटकत होतं. ती जागच्या जागी डुलत म्हणाली, "हे शूर प्रवाशा, माझं छत कोसळतंय. दहा खांब आणून देशील का?"

"आत्ता आणतो, आजी!" गणोजी ओरडला. दोन दऱ्या ओलांडून, एका राक्षसाशी मारामारी करून त्याने दहा खांब आणले. म्हातारीने त्याला चाळीस गुण दिले. आनंदाने त्याचे खरे काटे ताठ झाले.

सगुणा मागे उभी राहून हे सगळं पाहत होती. चिडावं की रडावं, ते तिला कळेना. मग ती बाहेर गेली.

बाहेर तिने एक पिकलं रानकेळं शोधलं. एक पिवळं बोर शोधलं. डोक्यावरच्या काट्यांवर केळं उभं खोचलं आणि त्याच्या खाली बोर टोचलं. बिळाच्या तोंडाशी येऊन ती डुलायला लागली.

"हे शूर प्रवाशा, माझं छत कोसळतंय. एक टेकू आणून देशील का?"

गणोजीने मान वळवली. केळं पाहिलं. बोर पाहिलं. त्याचे डोळे लकाकले.

"एकच? बक्षीस काय, बाई?"

"चाळीस गुण."

"राक्षस आहे का वाटेत?"

सगुणाने क्षणभर विचार केला. "माझे बाबा आहेत. भेटले तर नमस्कार करायचा. दहा गुण जास्त."

गणोजी सुसाट सुटला. ऐनाच्या झाडाचं खोड कुरतडून पाडलं, वाटेत सासऱ्यांना चक्क वाकून नमस्कार केला (म्हातारबुवा घाबरून दोन पावलं मागे सरले), आणि खोड ओढत आणून छताखाली ठोकून बसवलं.

"पुढची मोहीम, बाई?"

मग सगुणाने आठ वर्षांची तुंबलेली कामं बाहेर काढली. गणोजीने सांडपाण्याचा चर खणला. कंद आणले. मागच्या दाराचा दगड बदलला. प्रत्येक कामानंतर तो "किती गुण?" विचारायचा आणि आकडा ऐकून टुणकन उडी मारायचा.

संध्याकाळी हत्ती आले. धडाम, धडाम, धडाम. छत थरथरलं, गणोजीच्या नाकावर मूठभर माती पडली, पण टेकू हलला नाही.

"भूकंप फार छान जमवलाय," गणोजी पुटपुटला.

मग तो खडकावर चढला. सगळं जंगल जमलं होतं.

"पहिलं मत असं की खेळ उत्तम आहे," तो म्हणाला. "पहिला ग्रह साधारणच. पण दुसरा! काय हुबेहूब केलाय! बीळ आमच्या बिळासारखं, हत्ती आपल्याकडच्यासारखे, सासरासुद्धा तसाच खडूस. फक्त तिथली बाई कल्पनेतली वाटते. इतकं गोड बोलणारं कुणी खरं असतं का?"

"आणि आमच्या वहिनी?" मुंगसाने विचारलं.

"ती ना? दुपारपासून दिसलीच नाही. गेली असेल रुसून बापाकडे. पण बघा, कुणाचं काही अडलं का?"

गर्दीत मागे उभ्या असलेल्या सगुणाने शेजारच्या बायकांना युक्ती सांगता सांगता डोक्यावरून उतरवलेल्या केळ्याचा शेवटचा घास गिळला. साल टाकली. आणि उद्यासाठी दुसरं केळं शोधायला निघाली. रानकेळीपाशी पोचली, तर तिथे आधीच अस्वलीण, कोल्हीण आणि खुद्द सिंहीणबाई रांगेत उभ्या होत्या.

तात्पर्य: खेळात रमलेल्याला शुद्धीवर आणू नये. शुद्धीवर असताना त्याने काय दिवे लावले होते, ते आठवावं. आणि केळं छत सावरल्यावरच खावं.